एकोणीस रहिवासी आणि एक पाहुणा

बायको गेल्याचं मापकाकांना कळलं, तेव्हा ते दारात उभे राहून एका परक्या माणसाच्या पाकिटासाठी सही करत होते.

सकाळचे अकरा वाजले होते. इस्पितळातून ते नऊला घरी आले होते, आंघोळ करून आणि मावशीचा, म्हणजे बायकोचा, चष्मा घेऊन परत जायला. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांत घरी सोडू. पोस्टमननं बेल वाजवली आणि त्याच वेळी फोन वाजला. काकांनी फोन कानाला लावून दार उघडलं आणि एका हातानं सही करता करता ऐकलं. "हो," म्हणाले. पुन्हा "हो," म्हणाले. मग "येतो," म्हणाले. पोस्टमन म्हणाला, "काका, खाली तारीख टाका." काकांनी तारीख टाकली. त्यामुळे ती तारीख मृत्यूच्या दाखल्यावर यायच्या आधी पोस्टाच्या कागदावर लागली. पाकीट कुणाच्या नावाचं होतं हे त्यांनी पाहिलं नाही. ते टीपॉयवर ठेवून, चष्मा खिशात घालून ते निघाले. चष्म्याचा आता उपयोग नाही हे अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, पण तेवढ्यासाठी परत कुठं फिरायचं, म्हणून नेला.

मापकाका हे नाव इमारतीनं ठेवलेलं. वजनमापे खात्यात तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. पाच ग्रॅमचा फरक काढायला ते अर्धा दिवस उन्हात उभे राहत, आणि फरक सापडला की चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये म्हणून रुमालानं तोंड पुसत. मावशी हे नाव मुलांनी ठेवलेलं. गावाबाहेरच्या आंतरराष्ट्रीय शाळेच्या वसतिगृहात ती सव्वीस वर्षं देखरेखीला होती. तिथली मुलं कुठल्या कुठल्या देशांतली. कुणाचे वडील वकिलातीत, कुणाची आई धरणांवर, कुणाचे आईबाप दोघंही तेलाच्या विहिरींवर. दर तीन वर्षांनी त्यांचा देश बदलायचा. या मुलांना पाच-पाच भाषा येत, पण रागवून घ्यायची भाषा एकच, ती मावशीची. ती त्यांना अशी पक्की बसली की शाळा सोडून वीस वर्षं झालेली माणसंही फोनवर तिच्याशी तिच्याच भाषेत बोलत, आणि चुकली की ओरडा खात.

मुलंबाळं नव्हती. भेटायला आले ते पंधरा दिवसांत येऊन गेले. सोळाव्या दिवशी काका वसाहतीच्या कार्यालयात गेले. दोन खोल्यांचं घर मावशीच्या नावावर होतं, ते आपल्या नावावर करून घ्यावं, एवढंच काम. एक अर्ज, एक दाखला, दोन फोटो. काका खात्यातले माणूस. सोबत गोंदाची बाटलीसुद्धा नेली होती.

खिडकीवरच्या बाईंनी एक जाड वही काढली, पान उलटलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"या घरात वीस माणसं राहतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता एकोणीस."

"कुठल्या घरात?"

"याच. तिसरा मजला, डावीकडं. तुम्ही कोण?"

"मी नवरा."

"नवरा असाल हो. राहता कुठं?"

"तिथंच! चौतीस वर्षं!"

"वहीत नाही तुम्ही."

काकांनी वही आपल्याकडं फिरवून घेतली, जे नियमात बसत नव्हतं. घरप्रमुख म्हणून मावशीचं नाव. खाली एकोणीस नावं, जगातल्या सगळ्या लिप्यांतून उचलून आपल्या अक्षरात बसवलेली, काही रकान्याबाहेर सांडलेली. काकांचं नाव कुठंच नाही.

मग उलगडा झाला, आणि तो फारसा भूषणावह नव्हता. लग्नानंतर पत्ता बदलायला स्वतः कार्यालयात यावं लागतं. काकांनी ते "बघू कधीतरी" म्हणून ठेवलं होतं. त्यांचा कायमचा पत्ता अजून वडिलांच्या घराचाच होता. ते घर वीस वर्षांपूर्वी रस्तारुंदीत गेलं आणि तिथं आता मोठा चौक आहे. म्हणजे कागदोपत्री मापकाका वीस वर्षं चौकाच्या मधोमध राहत होते. लोकांचे पाच ग्रॅम पकडणाऱ्या माणसाचा स्वतःचा हिशेब अख्ख्या एका माणसानं चुकला होता.

"बरं, मग आता घाला नाव," काका म्हणाले.

"नवीन माणूस घालायचा तर घरप्रमुखाची सही लागते."

"ती गेली. म्हणून तर आलोय."

"मग राहत्या सगळ्या सज्ञान माणसांची संमती. एकोणीस सह्या. तीन महिन्यांत. नाहीतर घर प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जातं."

"अहो, ती माणसं तिथं राहत नाहीत!"

बाईंनी वही मिटली. "मग 'रहिवास नाही' असा अर्ज द्या. एका सहीचं काम. सगळे एका दमात कमी होतील. पण मग घरप्रमुखानं खोटी माहिती दिली, अशी नोंद तिच्या नावापुढं पडेल. ती कायमची."

काकांनी वहीतली नावं उतरवून घेतली, गोंदाची बाटली उचलली आणि ते घरी आले.

घरी मेहुणा येऊन बसला होता. मेहुणा म्हणजे मावशीचा थोरला भाऊ, विमा कंपनीतून निवृत्त, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडं एक ओळखीचा माणूस असायचा. समोरचे दातांचे डॉक्टरही आले. ते दवाखान्यात कुणाला तोंड बंद करू देत नसत, त्याची भरपाई बाहेर स्वतः बोलून करत.

"भावजी, यात विचार कसला करताय?" मेहुणा म्हणाला. "द्या अर्ज ठोकून. माझी बहीण होती ती. मला वाईट नाही वाटणार, तर तुम्हाला का वाटावं?"

"खोटी माहिती दिली, असं लिहितील."

"लिहू देत. वाचणार कोण?"

"किडका दात एकच असेल तर भरतो आम्ही," डॉक्टर म्हणाले. "एकोणीस असतील तर काढून टाकतो. कवळी बसवतो. माणूस सुखी होतो."

"म्हणजे मी कवळी?"

"तुम्ही हिरडी, काका. तुम्हीच तर टिकणार."

या संभाषणातून मार्ग निघाला नाही, पण बिस्किटं संपली. काकांनी आयुष्यात खोटं वजन लिहून दिलं नव्हतं आणि दुसऱ्यानं दिलेलं सोडलंही नव्हतं. आता मावशीच्या नावापुढं "खोटी माहिती" असं लिहायचं, आणि तेही आपल्या सहीनं? ते उठले आणि मावशीचा फोन शोधायला लागले.

फोन सापडला, पण त्यात वहीतलं एकही नाव नव्हतं. मावशीनं नावं घातली होती ती तिच्या पद्धतीची. लांब वेणी. दूध नको. दार आपटतो. खिडकीजवळचा. जुळी एक, जुळी दोन. रडू नकोस. रडू नकोस धाकटा. अशी चाळीसेक. वहीत एकोणीस खरी नावं, फोनमध्ये चाळीस टोपणनावं, आणि कुणाचा कुणाला मेळ नाही. काकांनी टेबलावर कागद पसरला, पट्टीनं दोन रकाने आखले आणि पहिला फोन लावला, तो लांब वेणीला.

"मावशी!" पलीकडून आवाज आला. "तीन आठवडे फोन नाही तुझा! रागावलीस का?"

काकांनी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. त्यांनी रकान्यांची तयारी केली होती.

"मी काका बोलतोय," ते म्हणाले. मग बाकीचं सांगितलं.

पलीकडून पाणी प्यायल्याचा आवाज आला. लांब वेणी आता अडतीस वर्षांची होती आणि कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या इस्पितळात दुभाषी होती. डॉक्टर जे सांगतील ते रोग्यांच्या नातेवाइकांना त्यांच्या भाषेत सांगायचं, हीच तिची नोकरी. "मी रोज हे वाक्य सहा भाषांत सांगते, काका," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं कधी."

एकोणीस नावांचा खुलासा तिनंच केला. शाळा संपली त्या वर्षी तिला कॉलेजचा अर्ज भरायचा होता. आई एका देशात, वडील दुसऱ्या, शाळा तिसऱ्या. 'कायमचा पत्ता' हा रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढं सरकत नव्हता. ती वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडत होती. मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन वर चालली होती. तिनं विचारलं, काय झालं? आणि मग म्हणाली, एवढंच ना, लिही आमचा.

"नुसतं लिहून खोटं ठरेल, म्हणून मावशीनं कार्यालयात जाऊन रीतसर माझं नाव घातलं. मग दुसऱ्या वर्षी दार आपटतोचं. मग दरवर्षी एखादं-दुसरं. शाळेत असताना बरं असतं, काका. सगळेच कुठले तरी असतात. पण शाळा संपली की जो भेटतो तो विचारतो, तू कुठली? आणि आमच्याकडं उत्तर म्हणून तुमचा तिसरा मजला."

"मला बोलली नाही कधी."

"बोलली असेल. ती म्हणायची, दरवर्षी कार्यालयात जाते तेव्हा ह्यांना विचारते, चला, तुमचंही नाव घालून टाकू. ह्यांना वेळच नाही."

काकांना आठवलं. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमाराला मावशी पर्स घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, जरा कार्यालयात येता का?" आणि ते पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "बघू." तिला कसलं काम आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"तो 'रहिवास नाही'चा अर्ज दिला तर?" त्यांनी विचारलं.

"तर आमच्यातले निम्मे कुठल्याच देशात राहत नाहीत असं होईल. माझा कामाचा परवाना पुढच्या महिन्यात संपतो. पण तुम्ही द्या, काका. घर तुमचं आहे."

"कागदावर तुझं आहे," काका म्हणाले. हे त्यांनी विनोद म्हणून म्हटलं नव्हतं, पण ती हसली, आणि फोन ठेवताना तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

नियमाप्रमाणं संमती तोंडी मागून चालत नव्हती. ती नोंदणीकृत टपालानं, वहीतल्या पत्त्यावरच मागावी लागत होती. "पण त्या पत्त्यावर मीच असतो," काका खिडकीवरच्या बाईंना म्हणाले. "असू शकता," बाई म्हणाल्या, "पण आम्हाला माहीत नाही."

काकांनी एकोणीस पत्रं लिहिली, एकोणीस पाकिटांवर स्वतःच्या घराचा पत्ता घातला आणि पोस्टात दिली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बेल वाजली.

"काका," पोस्टमन म्हणाला. त्यानं गठ्ठा हनुवटीखाली धरला होता. "घरात एकोणीस माणसं, आणि दार दरवेळी तुम्हीच उघडता?"

"बाकीचे बाहेर गेलेत."

"सगळे?"

"कामाला."

काकांनी एकोणीस सह्या केल्या. तीन दिवसांनी तोच पोस्टमन परत आला. पत्रं पोचल्याच्या पावत्या आता पाठवणाऱ्याला, म्हणजे काकांनाच, पोचवायच्या होत्या. "तुम्हाला तुमचं पत्र मिळालं," पोस्टमन म्हणाला, "हे तुम्हाला कळवायला सरकारनं मला पाठवलंय. उन्हातून." तो आत येऊन पाणी प्यायला आणि जाताना म्हणाला, "काकू असत्या तर दोघांनी मिळून पाठवली असती. जरा लवकर उरकलं असतं."

आता अडचण अशी की पत्रं काकांच्याच हातात होती, पण दुसऱ्याच्या नावाची होती, आणि दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हे काकांच्या अंगी मुरलेलं. तेव्हा एकेकाला फोन करून विचारणं आलं.

"तुझं पत्र आलंय. उघडू का?"

"कुणाचं?"

"माझं."

"काका, तुमची तब्येत बरी आहे ना?"

पण पत्राच्या आधी बातमी यायची. प्रत्येक जण "मावशी!" म्हणूनच फोन उचलायचा, कारण नंबर तिचा. काकांनी आपला फोन वापरून पाहिला, तर अनोळखी नंबर म्हणून कुणी उचलेना. परत मावशीचा घेतला. बातमी आधी आणि अर्ज नंतर, की अर्ज आधी आणि बातमी नंतर, दोन्ही करून पाहिलं. अर्ज आधी सांगितला तर समोरचा हसत सुटायचा, आणि हसणाऱ्या माणसाला मग ते सांगायचं म्हणजे वरच्या पायरीवरून ढकलल्यासारखं व्हायचं. बातमी आधी सांगितली तर अर्जापर्यंत पोचायला तास जायचा. काकांनी बातमी आधी हाच क्रम ठरवला. एका दिवसाला दोन फोन, त्याहून जास्त नाही. तिसरा लावला त्या दिवशी त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नव्हता.

तासाभराच्या त्या फोनांत काकांना काय काय कळलं! दार आपटतो वाऱ्यावर वीज करणाऱ्या पंख्यांची दुरुस्ती करत होता आणि दिवसभर खांबावर चढून बसायचा. "बोला निवांत, काका," तो म्हणाला, "इथं वर दारच नाही." दूध नको एका दूध कारखान्यात दुधाचा कस तपासायची. काकांनी तिला वजनाच्या बाबतीत चार गोष्टी सांगितल्या, तिनं त्या लिहून घेतल्या. जुळ्या दोन देशांत होत्या, तिथं आठ तासांचा फरक होता, आणि दोघींनीही काकांना एकमेकींच्या नकळत विचारलं, "ती बरी आहे का हो? मला सांगत नाही." काकांनी इकडचं तिकडं सांगितलं. रडू नकोस विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर होता. तो रडला नाही. तो म्हणाला, "काका, लोक येऊन सांगतात, माझी बॅग निळी होती. मी विचारतो, अजून काही खूण? त्यांना सांगता येत नाही. मावशीची खूण सांगा म्हटलं तर मला काय सांगता येईल, हाच विचार करतोय." मग त्यानं, तिकडच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी, रोज फोन करायला सुरुवात केली. कामाचं काही नसायचं. "जेवलात का?" विचारायचा. काकांनी उभ्यानंच काहीतरी खाल्लेलं असायचं. ते "जेवलो" म्हणायचे. तोही "मीही" म्हणायचा. दोघंही मापात खोट करत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

फोन ठेवला की घरात फक्त फ्रिजचा आवाज उरायचा. तो आवाज पूर्वीही असणार, पण मावशीच्या बोलण्याखाली दबलेला असणार. काकांनी एकदा मेकॅनिकलाही बोलावलं. तो म्हणाला, फ्रिज एकदम ठणठणीत आहे.

दरम्यान दातांच्या डॉक्टरांना राहवलं नाही. एकोणीस पत्रं आली हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मदत म्हणूनच ते कुठंतरी बोलून दाखवलं, आणि ते बोलणं फिरत फिरत कार्यालयात पोचलं. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला पडताळणी अधिकारी आले. हातात पाटी, कागद, मोजायची फीत. काकांना त्यांची फीत पाहताच कळलं की ती टोकाला झिजलेली आहे आणि अर्धा सेंटिमीटर जास्त दाखवते. पण ही वेळ नव्हती.

योगायोग असा की लांब वेणी आदल्या दिवशीच सही घेऊन स्वतः आली होती आणि बाहेरच्या खोलीत झोपली होती. वेणी आता नव्हती, केस कानापर्यंत कापलेले. मेहुणाही आला होता, कारण ज्या घरात अधिकारी येतात त्या घरात तो असायचाच.

"एकोणीस माणसं कुठं झोपतात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आत्ता एकच झोपली होती," काका म्हणाले.

"बाकीचे?"

"बाहेरगावी."

"केव्हा येतात?"

"जमेल तसं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी काकांच्या कानशिलावर घाम आला. मेहुणा मधेच म्हणाला, "साहेब, पाळीपाळीनं झोपतात हो." काकांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गॅलरीत गेला.

"हे बघा," अधिकारी म्हणाले, "नियम सरळ आहे. माणूस कामाला बाहेर असला तरी चालतो. ज्याचं सामान घरात, तो रहिवासी. सामान दाखवा."

लांब वेणी स्टूल घेऊन माळ्याखाली उभी राहिली. त्या माळ्यावरचं भंगार काढून टाक, म्हणून काका मावशीशी पंधरा वर्षं भांडत होते. कशाला ठेवतेस, कुणाच्या उपयोगाचं आहे, झुरळं होतील. लांब वेणीनं एकेक खाली दिलं. चाकांचे बूट, एकच जोडी, दोन मापांचे. तार नसलेली गिटार. कुलूप लावलेली पेटी, किल्ली हरवलेली. एका पोत्यात बुद्धिबळाचा पट. लोकरी टोप्या, इथं कधीच न लागणाऱ्या. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, मावशीच्या अक्षरात: "जुळी दोन, येईल तेव्हा", "धाकटा, येईल तेव्हा", "खिडकीजवळचा, येईल तेव्हा".

अधिकाऱ्यांनी मोजलं. एकोणीस भरले. त्यांनी लिहिलं: सामान आढळले.

"आता तुमचं?" ते काकांकडं वळले.

"माझं काय?"

"तुमचं सामान. तुमच्या नावाचं, पावती असलेलं काही?"

घरातलं कपाट मावशीनं घेतलेलं, पलंग तिच्या भावानं दिलेला, फ्रिज तिच्या नावावर. कपड्यांना पावती नसते. काकांनी खूप शोधून पलंगाखालून एक लाकडी पेटी ओढली. आत पितळी वजनं, एक किलोपासून खाली पाच ग्रॅमपर्यंत, चकचकीत. अधिकाऱ्यांनी एक उचलून उलटं केलं. खाली खात्याचा शिक्का होता.

"हे सरकारी आहे," ते म्हणाले.

"निवृत्तीच्या दिवशी परत करायचं राहिलं," काका म्हणाले. लांब वेणीनं तोंडावर हात धरला, आणि गॅलरीतून मेहुण्याचा खोकला ऐकू आला.

आठ दिवसांनी अहवाल आला. एकोणीस जण रहिवासी, कामानिमित्त बाहेर, सामान घरात. अर्जदाराबद्दल एक ओळ होती: "सदर इसम हा पाहुणा असून त्याचा मुक्काम लांबलेला दिसतो." काकांनी ती ओळ तीनदा वाचली. चौतीस वर्षांत बायकोच्या माहेरच्यांनीही इतकं स्पष्ट म्हटलं नव्हतं.

लांब वेणीला ती फोनवर वाचून दाखवली, तर ती इतकी हसली की तिकडच्या इस्पितळात कुणीतरी तिला गप्प केलं. मग म्हणाली, "काका, पाहुण्याला कुणी जा म्हणत नाही. तेवढं बरं आहे."

सह्या येत गेल्या. कुणी पातळ कागदावर, कुणी त्या त्या देशाच्या शिक्क्यासकट, कुणी सोबत चिठ्ठी घालून. दार आपटतोनं सहीखाली लिहिलं होतं, "काकांना राहू द्यावे. ते आवाज करत नाहीत." तिसरा महिना संपायला चार दिवस असताना काका अठरा सह्या घेऊन खिडकीवर गेले.

बाईंनी एकेक सही तपासली, वही काढली. "एक कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण आता प्रकरण चालू झालं. चालू प्रकरणात घराला कुणी हात लावत नाही. एकोणिसावी आणून द्या, की संपलं."

"संपलं म्हणजे काय करता?"

"काही नाही. या वरच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढायची आणि खाली तुमचं नाव घरप्रमुख म्हणून लिहायचं." त्यांनी पट्टी मावशीच्या नावावर ठेवून दाखवली, रेघ कशी जाईल ते. काकांनी "बरं" म्हटलं.

एकोणिसावा म्हणजे खिडकीजवळचा. तो मालवाहू जहाजावर आचारी होता. फोनमधला त्याचा नंबर बंद होता, आणि दुसरा पत्ता विचारला तर सगळे एकच सांगायचे, तिसरा मजला, डावीकडं. त्याची सतरा पाकिटं काकांकडं जमा होती. मावशी गेली त्या दिवशी सही करून घेतलेलं पाकीटही त्याचंच निघालं. रडू नकोसनं सामानाच्या खिडकीवरून बंदराबंदरांत चौकशी केली. जहाज पुढं जायचं आणि चौकशी मागं राहायची.

गेल्या मंगळवारी नंबर मिळाला. खिडकीजवळचा किनाऱ्यावर आहे, दोन महिने सुट्टीवर, आणि रडू नकोस म्हणाला, "काका, त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, तुमच्याकडून बरं."

काकांनी नंबर त्या आखलेल्या कागदावर, एकोणिसाव्या ओळीत, समासाला धरून नीट लिहिला. बुधवारी मेहुणा आला होता. गुरुवारी नळवाला. शुक्रवारपासून तसं काही काम नव्हतं. खिडकीजवळचा भला माणूस आहे, एका शब्दात सही करून देईल, असं सगळे म्हणतात.

त्याला फोन करायचा राहिला आहे.